सीलला किती ऐकू येतं? श्रवणमोजणीची पद्धत पायरीपायरीने, घरच्या सरावासकट

सीलच्या हातात बटण देता येत नाही, आणि "आवाज आला का हो?" असं त्याला विचारताही येत नाही. तरीही हार्बर सीलला पाण्याखाली साधारण ६० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं आणि कॅलिफोर्निया सी-लायनचं ऐकणं पाण्याखाली ४० किलोहर्ट्‌झच्या आसपास संपतं, हे आज खात्रीने सांगता येतं. माणसाची मजल २० किलोहर्ट्‌झपर्यंत, तीही तरुणपणी. हे आकडे कुठून येतात, हा प्रश्न ठाण्या-वाशीच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकणारी मुलं मला नेहमी विचारतात. काहींना पुढे परदेशात सागरी सस्तन प्राण्यांवर काम करायचं असतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

माझा व्यवसाय माणसांचे कान तपासण्याचा. नौपाड्यातल्या दवाखान्यात रोज हेडफोन, बटण आणि ऑडिओग्राम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ऐकू येतं त्याचा आलेख) हेच काम चालतं. सीलवरचं संशोधन वाचायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त भावली ती एक गोष्ट. या मोजणीचा कस महागड्या स्पीकरवर ठरत नाही. आवाज नसताना प्राणी किती प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, त्यावर ठरतो. पुढची प्रत्येक पायरी त्या "नाही"ची राखण करण्यासाठीच आहे.

पायरी १: प्राणी कोणता, आणि हवेत की पाण्यात?

सील आणि सी-लायन सरसकट एक समजू नका. सी-लायन आणि फर सीलला बाहेर छोटी, टोकदार कानाची पाळी असते. खऱ्या सीलला पाळी नसते, डोक्याच्या बाजूला नुसतं बारीक छिद्र दिसतं. बुडी मारली की ते मिटतं आणि मधल्या कानातल्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या ऊती फुगतात. पाण्याखाली आवाज बऱ्याच अंशी डोक्याच्या ऊतींतून आणि हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचतो. त्यामुळे एकाच प्राण्याचे दोन ऑडिओग्राम काढावे लागतात, एक हवेतला आणि एक पाण्यातला.

डेन्मार्कचे बेर्टेल म्योल यांनी १९६८ साली हार्बर सीलचे असे दोन्ही आलेख प्रसिद्ध केले. रोनाल्ड शुस्टरमन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्निया सी-लायनचा पाण्याखालचा ऑडिओग्राम काढला, तोही मोठ्या युक्तीने: सूर ऐकू आला की आवाज काढायचा, नाही आला तर गप्प राहायचं, असं त्यांनी त्या प्राण्याला शिकवलं होतं. पुढे डेव्हिड कास्टक आणि शुस्टरमन यांनी १९९८ मध्ये सी-लायन, हार्बर सील आणि उत्तरेकडचा एलिफंट सील यांची तुलना केली. एलिफंट सीलचा कान हवेपेक्षा पाण्यात सरस निघाला. आयुष्याचा मोठा भाग खोल समुद्रात काढणाऱ्या प्राण्याला ते शोभणारंच.

प्राण्याचं वय आणि कानाचा पूर्वेतिहास नोंदवून ठेवा. म्हातारपणी सी-लायनलाही वरच्या पट्टीचं कमी ऐकू येऊ लागतं. एकाच वृद्ध प्राण्याचा आलेख "या जातीचं ऐकणं" म्हणून छापणं हा त्या जातीवर अन्याय आहे.

पायरी २: जागा शांत आहे ना, ते सिद्ध करा

"इथे तसं शांतच आहे" हे वाक्य कान तपासणाऱ्याने कधी उच्चारू नये. शांतता मोजून दाखवायची असते. टाकीजवळचा फिल्टरचा पंप, भिंतीपलीकडचा रस्ता, छतावरचा पाऊस, हे सगळं पाण्यात उतरतं, खास करून खालच्या फ्रिक्वेन्सींना.

पार्श्वभूमीचा आवाज फक्त एका आकड्यात सांगू नका. मोबाईलवरची ॲप्स बहुतेक वेळा ए-वेटिंग लावतात, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या पट्टीतला गोंगाट कमी करून दाखवतात. सीलच्या कामात गोंगाट पट्ट्यापट्ट्यांत मोजतात आणि प्रत्येक १ हर्ट्‌झच्या वाट्याला किती आला ते काढतात. त्याचं कारण समजून घ्या. एखादा सूर गोंगाटातून वेगळा ऐकू यायला तो १ हर्ट्‌झमागच्या गोंगाटापेक्षा काही डेसिबल वर असावा लागतो. या फरकाला क्रिटिकल रेशो म्हणतात. माणसाचा १ किलोहर्ट्‌झला तो साधारण १८ डेसिबल असतो. म्हणजे गोंगाट दर हर्ट्‌झमागे ४० डेसिबल असेल तर सूर निदान ५८ असल्याशिवाय ऐकू येणार नाही, कान कितीही तल्लख असला तरी.

त्यामुळे तुम्ही मोजलेला थ्रेशोल्ड, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी पातळी, या ५८ च्या आसपास आला, तर तुम्ही कान मोजलेला नाही, खोलीतला गोंगाट मोजलाय. हवेतले जुने कित्येक आकडे अशाच कारणाने प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसत होते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रुझच्या सागरी प्रयोगशाळेत कॉलीन राइकमथ यांच्या गटाने प्रतिध्वनी शोषणाऱ्या खास खोलीत चाचण्या घेतल्या, तेव्हा सीलचे हवेतले थ्रेशोल्ड बरेच खाली आले. सील जमिनीवर बहिरटच असतात, हा समज त्यानंतर टिकला नाही. नेदरलँड्समध्ये रोनाल्ड कास्टेलाइन यांनी तर सीलचा तलावच मुळात शांत राहील अशा बेताने बांधून घेतला.

पायरी ३: प्राण्याला काम शिकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा. फ्रिक्वेन्सीमागून फ्रिक्वेन्सी करत पूर्ण आलेख व्हायला महिने लागतात, पण प्राणी नीट शिकलेला नसेल तर ते महिने पाण्यात गेले म्हणून समजा.

पहिलं काम जागेवर येऊन थांबण्याचं. पाण्याखाली किंवा खोलीत एक हनुवटी-टेकू बसवलेला असतो. सील येतो, हनुवटी टेकवतो आणि स्थिर राहतो. डोकं दरवेळी त्याच जागी असणं फार महत्त्वाचं, कारण आवाज आपण त्या जागेपुरताच मोजून ठेवलेला असतो.

दुसरं काम उत्तर देण्याचं. एक फेरी जवळून पाहा. सील हनुवटी टेकवून आहे. समोरचा छोटा दिवा लागतो: फेरी सुरू. पुढच्या काही सेकंदांत कधीतरी अर्ध्या सेकंदाचा सूर वाजतो. ऐकू आला तर सील टेकू सोडतो, बाजूच्या टार्गेटला नाक लावतो आणि परत येतो. ऐकू आला नाही तर दिवा विझेपर्यंत हलत नाही. बरोबर उत्तराला ठरलेला बझर वाजतो आणि मासा मिळतो. चुकीच्या उत्तराला शिक्षा नाही, फक्त मासा नाही. थोडं थांबून पुढची फेरी.

यात एक नियम मोडायचा नाही. सूर ऐकून टार्गेटला नाक लावलं तर एक मासा, आणि सूर नसताना स्थिर राहिला तरी तितकाच मासा. "हो"ला जास्त दिलं की प्राणी "हो"च म्हणत सुटतो. सुरुवातीला मोठे, सहज ऐकू येणारे सूर वापरा. सत्राची सुरुवात आणि शेवटही अशाच सोप्या फेऱ्यांनी करा. शेवटच्या सोप्या फेऱ्यांतही तो चुकला, तर तो दमलाय किंवा पोट भरलंय, आणि त्या सत्राचे आकडे बाजूला ठेवायचे.

उपाशी ठेवून काम करून घ्यायचं नसतं. दिवसाचा आहार ठरलेला असतो, त्यातलाच काही भाग चाचणीत मिळतो. प्राणी यायला तयार नसेल तर त्या दिवशी चाचणी नाही. मला हे फक्त नीतीचं वाटत नाही. जबरदस्तीने बसवलेल्या प्राण्याच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवणार?

पायरी ४: शांत फेऱ्या

दिवा लागतो, वेळ संपते, पण सूर वाजतच नाही. या शांत फेऱ्या. एकूण फेऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या अशा ठेवतात. त्यात सीलने टार्गेटला नाक लावलं तर तो फॉल्स अलार्म.

माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसांतही दोन तऱ्हा दिसतात. काहीजण "चुकलं तर?" या धास्तीने पूर्ण खात्री होईपर्यंत बटण दाबत नाहीत. काहीजण नुसत्या अंदाजानेच दाबत सुटतात. दोघांचे कान अगदी सारखे असले तरी आलेख वेगळे येतात. सीलचंही तसंच होतं. फॉल्स अलार्म शून्य असेल तर तो फार सावध आहे आणि थ्रेशोल्ड उगाच वर दिसेल. ३० टक्क्यांच्या वर गेले तर तो अंदाज मारतोय, आणि थ्रेशोल्ड खोटा खाली येईल. थोडे फॉल्स अलार्म आलेले बरे, त्यावरून तो ऐकण्याच्या काठावर काम करतोय हे कळतं. प्रमाण वाढलं तर शांत फेऱ्या वाढवा, फार घटलं तर कमी करा, आणि फॉल्स अलार्मचं प्रमाण प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

शांत फेऱ्यांचा क्रम आधी कागदावर ठरवून घ्या. यादृच्छिक हवा, पण एकाच प्रकारच्या चार-पाच फेऱ्या ओळीने येऊ देऊ नका. गेलरमन यांनी १९३३ साली यासाठी दिलेले क्रम आजही वापरतात.

ज्याच्या हातात माशांची बादली आहे त्याला पुढच्या फेरीत सूर आहे की नाही हे माहीत नसावं, आणि तो प्राण्याला दिसूही नये. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती. तो समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचतो, हे ऑस्कर फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं. मासा हातात घेतलेल्या माणसाकडे सील त्याहून बारकाईने पाहतो.

पायरी ५: सूर आणि कॅलिब्रेशन

सूर एकदम सुरू करू नका. अचानक सुरू झालेल्या सुरात "टक्" असा आवाज येतो, त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात आणि प्राणी त्या टक्‌लाच उत्तर देतो. सुरुवातीला आणि शेवटी काही दशांश नव्हे, काही शतांश सेकंदांचा चढ-उतार द्या, साधारण ४० मिलिसेकंद. फार छोटे सूर टाळा. तेवढ्याच पातळीचा आखूड सूर कानाला कठीण जातो.

मग प्राणी नसताना, त्याचं डोकं जिथे येतं नेमक्या तिथे हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, ठेवा (हवेत असाल तर साधा मायक्रोफोन) आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीची पातळी मोजा. आजूबाजूच्या जागाही तपासा. त्या एकमेकींपासून ३ डेसिबलच्या आत असाव्यात. टाकीत हे जमवणं जिकिरीचं असतं. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे १ किलोहर्ट्‌झची तरंगलांबी दीड मीटर आणि १०० हर्ट्‌झची १५ मीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात, आणि हातभर अंतरावर पातळी पार बदलते. सुराची फ्रिक्वेन्सी अगदी थोडी वरखाली हलती ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. ही पातळी-तपासणी, म्हणजे कॅलिब्रेशन, प्रत्येक सत्राआधी करा, एकदा केलं म्हणून वर्षभर चालत नाही.

पायरी ६: थ्रेशोल्ड शोधणं

दवाखान्यात आम्ही १० डेसिबलने उतरतो आणि ५ ने चढतो. सीलसाठी पायऱ्या बारीक ठेवतात. सहज ऐकू येणाऱ्या पातळीपासून सुरू करा. बरोबर उत्तर आलं की ४ डेसिबल खाली. पहिल्यांदा ऐकू आलं नाही की तिथून पुढे २-२ डेसिबलच्या पायऱ्या: ऐकलं तर खाली, नाही ऐकलं तर वर.

समजा पातळ्या अशा गेल्या (यंत्राच्या कमाल पातळीच्या तुलनेत, म्हणून उणे; मधल्या शांत फेऱ्या वगळून): ‑४० हो, ‑४४ हो, ‑४८ हो, ‑५२ नाही, ‑५० हो, ‑५२ नाही, ‑५० हो, ‑५२ हो, ‑५४ नाही, ‑५२ हो, ‑५४ नाही. पहिलं उतरणं सोडून द्या. पुढे "हो"कडून "नाही"कडे जाणारी वळणं तीन: ‑५० ते ‑५२, ‑५२ ते ‑५४, आणि पुन्हा ‑५२ ते ‑५४. त्यांचे मध्य ‑५१, ‑५३, ‑५३. सरासरी सुमारे ‑५२.३. प्रत्यक्षात तीन वळणांवर थांबत नाहीत. वेगवेगळ्या सत्रांचे आकडे जुळेपर्यंत काम चालतं. काही गट त्यानंतर या जागेच्या आसपासच्या ठरावीक पातळ्या मिसळून वाजवतात आणि निम्म्या वेळा ऐकू येणारी पातळी आलेखावरून काढतात.

पायरी ७: डेसिबलचा हिशोब

बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हवेतला डेसिबल २० मायक्रोपास्कलच्या तुलनेत मोजतात, पाण्यातला १ मायक्रोपास्कलच्या. एवढ्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी घट्ट माध्यम असल्याने त्याच दाबाला ऊर्जा फार कमी वाहते, त्याचे सुमारे ३६. दोन्ही मिळून जवळपास ६२. म्हणून पाण्यात ५४ डेसिबलचा थ्रेशोल्ड ऊर्जेच्या हिशोबाने हवेतल्या उणे ८ च्या बरोबरीचा. पाण्याखालच्या खोदकामाचा "२०० डेसिबल" हा आकडा रस्त्यावरच्या हॉर्नशेजारी मांडणारी बातमी दिसली, तर संदर्भपातळी आणि अंतर दिलंय का ते आधी बघा.

शिकवायला वेळच नसेल तर

किनाऱ्यावर वाहून आलेल्या आजारी सीलला महिनोन्‌महिने शिकवता येत नाही. तेव्हा त्वचेखाली बारीक सुयांचे इलेक्ट्रोड लावून, हजारो आवाज वाजवून, मेंदूच्या खोडाकडून येणाऱ्या विद्युत प्रतिसादांची सरासरी काढतात. नवजात बाळांची तपासणी आम्ही याच तत्त्वावर करतो, फक्त इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात. थ्रेशोल्ड वागणुकीतून काढलेल्यापेक्षा सहसा वर येतो, आणि खालच्या फ्रिक्वेन्सींना ही पद्धत कमी पडते. हे काम पशुवैद्यकाचं. घरच्या कुत्र्या-मांजरावर करून बघू नका.

घरी सराव: ठाण्याच्या फ्लॅटमधला ऑडिओग्राम

आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत, पण पद्धत माणसावर हुबेहूब करता येते. लॅपटॉप, वायरचा हेडफोन, पडदा म्हणून चादर आणि एक मित्र पुरे.

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १,००० हर्ट्‌झचा, अर्ध्या सेकंदाचा, ०.१ ॲम्प्लिट्यूडचा टोन तयार करा. ही पातळी ‑२० डेसिबल. दोन्ही टोकांना ४० मिलिसेकंदांचा फेड द्या. ॲम्प्लिफाय वापरून २-२ डेसिबलने उतरत ‑८० पर्यंतच्या फाइली करा आणि २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात साठवा. एमपी-३ नको. हेडफोनचं नॉइज कॅन्सलेशन आणि लॅपटॉपचे सगळे आवाज सुधारणारे पर्याय बंद. व्हॉल्यूम एकदा ठरवून त्यावर चिकटपट्टी लावा, हात लागायला नको. ऐकायला जास्त मोठा वाटेल असा सूर कधीच वाजवू नका.

मित्र चादरीपलीकडे बसेल. मोबाईलची टॉर्च हा फेरीचा दिवा. ऐकू आलं तर टेबलावर हात टेकवायचा, नाही तर हात मांडीवरच. सूर की शांत फेरी ते फाशावर आधीच ठरवून कागदावर उतरवा: १ ते ४ सूर, ५-६ शांत. चार-पाच सारख्या ओळीने आल्या तर क्रम बदला. टॉर्च लावणारा आणि कागद पाहून सूर वाजवणारा वेगवेगळे असतील तर उत्तमच.

पहिलं सत्र रात्री दोनच्या सुमारास घ्या, पंखा आणि फ्रिज बंद करून. दुसरं संध्याकाळी सातला, घोडबंदर रोडच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. आमच्या ऑडिओमेट्रीच्या खोलीच्या मानाने ४५ सुद्धा कितीतरी जास्त. दोन्ही सत्रांतला थ्रेशोल्ड किती सरकला ते २५०, १,००० आणि ४,००० हर्ट्‌झला वेगवेगळं मांडा. बसचं इंजिन २५० ला जास्त झाकतं, शेजारच्या कुकरची शिट्टी ४,००० च्या बाजूला. हे आकडे फक्त तुमच्या हेडफोनपुरते, एकमेकांशी तुलना करण्यापुरतेच खरे आहेत. यावरून कुणाला बहिरेपण आहे की नाही ते ठरवू नका, त्यासाठी दवाखान्यात या.

पाण्यातला आवाज ऐकायचा असेल तर ठाणे खाडी हाताशी आहे. पण खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे हायड्रोफोन सोडायचा तर वनविभागाची लेखी परवानगी घ्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी करता येते. उबदार, उथळ खाऱ्या पाण्यात पिस्तूल कोळंबीची सतत तडतड असते, तिच्यावर बोटींची घरघर चढते, आणि पुलाचं पायलिंग (खांब ठोकणं) चालू असेल तर त्याचे ठोके. मुंबईच्या किनाऱ्यालगत हंपबॅक डॉल्फिन वावरतात. त्यांना यातलं काय झाकलं जातं, हे विचारायला पायरी २ मधलाच हिशोब लागतो: दर हर्ट्‌झमागचा गोंगाट आणि प्राण्याचा क्रिटिकल रेशो.

अहवालात काय लिहायचं

प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या ओळीत हे रकाने हवेतच: थ्रेशोल्ड, संदर्भपातळी, किती वळणांवरून काढला, फॉल्स अलार्मचं प्रमाण, आणि त्याच फ्रिक्वेन्सीला दर हर्ट्‌झमागचा गोंगाट. थ्रेशोल्ड गोंगाटाने झाकला गेल्याचा संशय असेल तर आलेखावर तो बिंदू पोकळ वर्तुळाने दाखवा, भरीव करू नका. टाकलेली सत्रं किती आणि का टाकली, तेही लिहा. कॅलिब्रेशन कुठल्या उपकरणाने, डोक्याच्या कुठल्या जागी केलं त्याचा एक साधा रेखाचित्राचा कागद जोडा. परीक्षक सगळ्यात आधी तोच मागतात.